.३८ स्पेशल झाडल्यावर .३५७ मॅग्नमचं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही: तपास, सफाई आणि पुन्हा होऊ नये म्हणून

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशलचे तीन-चार डबे झाडले, काही अडचण आली नाही. नंतर मॅग्नमची काडतुसं भरायला घेतली तर ती आत जाता जाता शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडतात. अंगठ्याने रेटावी लागतात. सिलिंडर कसाबसा बंद होतो, पण फिरताना मागे घासतो आणि चाप एकदम जड लागतो. बार काढल्यावर रिकाम्या पुंगळ्या सहज निघत नाहीत, इजेक्टरच्या दांड्यावर तळवा मारावा लागतो. रेंजवर ही तक्रार वरचेवर ऐकू येते. बहुतेकदा दोष काडतुसांवर नाहीतर 'टाइट चेंबर'वर, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या अरुंद भोकावर ढकलला जातो. प्रत्यक्षात शंभरातल्या बहुतेक वेळा कारण एकच असतं: चेंबरच्या पुढच्या भागात धरलेलं काजळीचं आणि शिशाचं कडं.

हे कडं साफ करणं सोपं आहे. त्यावरून काडतूस जबरदस्तीने रेटणं मात्र धोक्याचं आहे. ते का, हे कळायला आधी मापं बघावी लागतील.

३.४ मिलिमीटरचा प्रश्न

.३८ स्पेशलच्या पुंगळीची लांबी १.१५५ इंच, म्हणजे २९.३ मिलिमीटर. .३५७ मॅग्नमची १.२९० इंच, म्हणजे ३२.८ मिलिमीटर. बाकी सगळं तेच आहे: पुंगळीचा व्यास ०.३७९ इंच, मागच्या कडेचा व्यास ०.४४० इंच, गोळीचा व्यास शिशाची असेल तर ०.३५८ आणि तांब्याच्या जॅकेटची असेल तर ०.३५७ इंच. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस मागच्या कडेवर अडतं, पुंगळीच्या तोंडावर नाही. त्यामुळे पुंगळी तोकडी असली तरी काडतूस जागच्या जागी नीट बसतं, घोड्याचा ठोका बुडातल्या टोपीवर (प्रायमरवर) पुरेसा पडतो आणि बार निघतो. दाबाचा प्रश्नही येत नाही. अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेने .३८ स्पेशलसाठी कमाल दाब १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठरवला आहे, त्याच्या जास्त दाबाच्या प्लस-पी प्रकारासाठी २०,०००, तर .३५७ मॅग्नमसाठी ३५,०००. मॅग्नमच्या चेंबरला .३८ चा दाब काहीच नाही.

ही लांबी वाढवण्यामागचं कारण सुरक्षेचं होतं. .३८ स्पेशल १८९८ मधलं. १९३० च्या सुमारास .३८ च्याच पुंगळीत जास्त ताकदीचा भार भरून तो जड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडायची पद्धत सुरू झाली. असं काडतूस चुकून हलक्या, जुन्या .३८ मध्ये गेलं तर काय होईल हा प्रश्न होताच. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणलं तेव्हा पुंगळी मुद्दाम लांब ठेवली, म्हणजे ती .३८ स्पेशलच्या चेंबरमध्ये पूर्ण जाऊच नये. म्हणून या जोडीत वाहतूक एकेरी आहे: .३८ मॅग्नममध्ये चालतं, मॅग्नम .३८ मध्ये कधीही नाही.

तर .३८ झाडलं की चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडापुढे ३.४ मिलिमीटरची पट्टी उघडी राहते. चेंबरचा व्यास साधारण ०.३८० इंच आहे आणि त्याच्यापुढचा गळा साधारण ०.३५८ इंच. या दोन मापांमधल्या पायरीपाशी गरम वायू आदळतात. न जळलेली दारू, टोपीतली राख, शिशाच्या गोळीवरून खरवडलेलं शिसं आणि गोळीवरचं मेणाचं वंगण हे सगळं त्या कोपऱ्यात चिकटतं आणि पुढच्या प्रत्येक बाराने भाजून घट्ट होतं. .३८ वापरत राहिलात तर याचा पत्ताही लागत नाही, कारण तोकडी पुंगळी त्या पट्टीपर्यंत पोचतच नाही. मॅग्नमची पुंगळी पोचते.

आधी खात्री करा की हे कडंच आहे

सिलिंडर उघडून सगळी काडतुसं बाहेर काढा, सगळी चेंबर नजरेने आणि करंगळीने तपासा, जिवंत काडतुसं टेबलावरून उचलून दुसरीकडे ठेवा. चाचणीसाठी जिवंत काडतूस वापरू नका. रीसाइज केलेली (डायमध्ये दाबून मूळ मापाला आणलेली), टोपी काढलेली मॅग्नमची रिकामी पुंगळी घ्या. दुसऱ्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलेली, रीसाइज न केलेली पुंगळी इथे चालणार नाही. ती त्या चेंबरच्या मापाने फुगलेली असते आणि उगाच अडते.

नळी खाली करून पुंगळी चेंबरमध्ये सोडा. स्वच्छ चेंबरमध्ये ती स्वतःच्या वजनाने टक्कन बसते आणि सिलिंडर उलटा केला की आपोआप बाहेर पडते. अडली, तर किती बाहेर राहिली ते व्हर्नियरने मोजा. या एका मापावरून बरंच काही समजतं. ३.४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी बाहेर असेल आणि पाचही किंवा सहाही चेंबरमध्ये कमी-जास्त तसंच होत असेल, तर ते कडं आहे. त्याहून बरीच आधी, पाच-सहा मिलिमीटरवर अडत असेल तर कड्याचा संबंध नाही, कारण तिथवर .३८ ची पुंगळी रोज जातच होती. अशा वेळी पुंगळीच फुगलेली किंवा दबलेली असते.

रिकामी पुंगळी सगळ्या चेंबरमध्ये छान बसते, पण भरलेलं एखादंच काडतूस सगळीकडे अडतं असं झालं, तर दोष त्या काडतुसाचा. हाताने भरलेल्या काडतुसांमध्ये क्रिंप करताना (गोळीभोवती तोंड आवळताना) पुंगळी तोंडाच्या जरा खाली फुगलेली असते, गोळी जास्त बाहेर राहून गळ्यात अडते, किंवा टोपी कडेच्या पातळीपेक्षा वर राहिलेली असते. टोपीवरून बोट फिरवलं की उंचवटा लगेच जाणवतो.

एकाच चेंबरमध्ये काडतूस केसभर वर राहतं आणि सिलिंडर तेवढ्याच जागी घासतो, तर इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्यांच्या कडा उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या तुकड्याखाली) बघा. हलक्या भाराच्या .३८ मध्ये दारू पूर्ण जळत नाही. तिचे पिवळसर-करडे कण चांदणीखाली शिरतात आणि चांदणी पूर्ण खाली बसू देत नाहीत. इजेक्टर दाबून धरा, जुन्या टूथब्रशने चांदणीचा खालचा भाग आणि तिची बैठक झाडा. या जागी तेल लावू नका, कण तेलाला चिकटतात. पुंगळ्या काढताना नळी सरळ वर करून दांडा एकदाच जोरात दाबायची सवय लावली तर कण खाली पडतात, चांदणीत शिरत नाहीत. नळी खाली ठेवून काढल्या तर हा त्रास नक्की होतो.

आणखी एक गोष्ट मिसळते. दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये इजेक्टरचा दांडा तोकडा असतो, तो मॅग्नमची लांब पुंगळी पूर्ण बाहेर ढकलतच नाही. .३८ झटकन पडतात आणि मॅग्नम अर्ध्यावर लोंबतात, एवढ्यावरून चेंबर घाण आहे असं ठरवू नका. बाहेर आलेला भाग बोटाने विनासायास निघत असेल तर तो दांड्याच्या लांबीचा प्रश्न आहे.

शेवटी डोळ्यांनी बघा. पुढून टॉर्चचा उजेड टाकून मागून चेंबरमध्ये पाहिलं की गळ्याच्या अलीकडे काळपट, खरखरीत पट्टा दिसतो. लाकडी टूथपिकचं टोक मागून पुढे सरकवा. पट्ट्यापाशी ते अडखळतं. गळ्याची पायरी म्हणजे हे कडं नव्हे. पायरी प्रत्येक चेंबरमध्ये असते, चकचकीत आणि एकसारखी. कडं तिच्या अलीकडे असतं आणि गोलाईत कुठे जाड, कुठे पातळ असतं.

रेटू का नये

अंगठ्याने दाबून काडतूस बसतं, मग हरकत काय, असं बरेच जण म्हणतात. बार उडताना पुंगळीचं तोंड आधी बाहेर फाकतं, क्रिंप उलगडतो आणि मग गोळी सुटते. त्यासाठी तोंडाभोवती हजारांश इंचांची जागा लागते. कड्यात पाचरीसारखं बसलेलं तोंड फाकू शकत नाही, गोळी आवळलेलीच राहते आणि ती सुटायच्या आत दाब चढतो. .३८ मध्ये हे झालं असतं तर चेंबरला काही वाटलं नसतं. पण इथे ३५,००० पीएसआयच्या जवळ चालणारं काडतूस आहे. टोपी सपाट होते, पुंगळी चेंबरला घट्ट चिकटते. मग 'या कंपनीची काडतुसं फार गरम आहेत' असा निष्कर्ष निघतो, आणि चेंबर तसंच राहतं. मॅग्नमच्या पुंगळ्या अचानक अडकून निघू लागल्या तर काडतुसांचा डबा बदलण्याआधी चेंबर धुऊन बघा.

दुसरा धोका भरतानाचा. अर्धवट बसलेल्या जिवंत काडतुसाच्या बुडाला टोपी असते. तिच्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ, हातोडी किंवा टेबलाची कड आपटून ते बसवायला गेलात तर टोपी हातातच पेटू शकते. अंगठ्याच्या साध्या दाबाने जे बसत नाही ते बाहेर काढायचं. बाहेरही येत नसेल तर सिलिंडर उघडाच ठेवून नळी सुरक्षित दिशेला धरा आणि इजेक्टरचा दांडा अंगठ्याने सावकाश दाबा. तरीही हललं नाही तर पुढून सळई घालून ठोकू नका. ते काम रेंजच्या शस्त्रकारागिराचं आहे.

सफाई

लागणाऱ्या वस्तू: हॉपीज नंबर ९ किंवा तशाच जातीचा सॉल्व्हंट, .४० किंवा .४१ मापाचा ब्राँझचा ब्रश, सफाईची सळई, सुती फडक्याचे तुकडे, मॅग्नमची एक वाया गेलेली पुंगळी, नायट्राइलचे हातमोजे. खिडकी उघडी हवी. शिसं हाताळतोय हे लक्षात ठेवून काम संपेपर्यंत चहा-तंबाखू काही नाही, आणि नंतर हात साबण-पाण्याने धुवा. काळी झालेली फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका.

ब्रशचं माप जाणूनबुजून मोठं सांगितलं आहे. '.३८/.३५७' असं लिहिलेला ब्रश नळीसाठी असतो आणि नळी ०.३५७ इंचांची. चेंबर ०.३८० इंचांचं. नळीचा ब्रश तिथे सैल फिरतो, कड्याला जेमतेम टेकतो. वीस-पंचवीस फेऱ्या मारूनही कडं तसंच राहिलं अशी तक्रार येते तिच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

सिलिंडर सुटा करता येत असेल तर करा. रुगर ब्लॅकहॉकसारख्या सिंगल ॲक्शनमध्ये मधली पिन ओढली की तो निघतो. स्मिथ अँड वेसनमध्ये उजव्या बाजूच्या पाट्याचा पुढचा स्क्रू सोडवला की क्रेनसकट (सिलिंडर बाहेर झुलवणाऱ्या बाहीसकट) पुढे सरकतो. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारंच पातं वापरा आणि तो स्क्रू वेगळा ठेवा, दुसऱ्या स्क्रूशी त्याची अदलाबदल करायची नाही. रुगर जीपी १०० मध्ये सुटं करायचा व्याप मोठा आहे, तिथे सिलिंडर जागेवरच ठेवा. मात्र तो डाव्या मुठीत घट्ट धरूनच ब्रश ढकला. सगळा जोर क्रेनवर गेला तर ती वाकते आणि मग चेंबर नळीच्या रेषेत येत नाही.

प्रत्येक चेंबरमध्ये सॉल्व्हंटने ओथंबलेला फडक्याचा तुकडा गुंडाळून बसवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. घाई इथेच नडते. भिजलेलं कडं पाच मिनिटांत निघतं, कोरडं अर्धा तास घासूनही निघत नाही. निकेलच्या मुलाम्याचं रिव्हॉल्व्हर असेल तर अमोनिया असलेला, तांबं काढणारा सॉल्व्हंट वापरू नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असला तर तो तिथून खाल्ला जातो आणि मुलामा सुटतो.

तुकडे काढा, ब्रशही सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि मागच्या बाजूने चेंबरमध्ये घाला. गळ्याच्या अलीकडे पोचलात की घड्याळाच्या दिशेने आठ-दहा वेळा फिरवा. उलट फिरवलात तर ब्रश सळईवरून सुटतो. मग तो पुढून पूर्ण बाहेर काढा. ब्राँझचा ब्रश मध्येच उलटा ओढला तर त्याचे तार दुमडतात. दर चेंबरला असं तीन-चार वेळा. फडक्याने पुसून टॉर्चने बघा.

बहुतेक कडी इतक्यावर जातात. जुनं, महिनोन् महिने भाजलेलं कडं राहतं, त्यासाठी ती वाया गेलेली पुंगळी. तिची टोपी काढा, बुडाशी आडवं एक भोक पाडा म्हणजे ती कधीही भरायच्या पुंगळ्यांत मिसळणार नाही. रीलोडिंगच्या (काडतूस पुन्हा भरायच्या) एक्स्पांडर डायने तिचं तोंड किंचित फाकवा, इतकंच की ते चेंबरमध्ये शिरताना हलकेच घट्ट वाटेल. ही झाली नेमक्या मापाची पितळी खरवडणी. भिजवलेल्या चेंबरमध्ये ती अंगठ्याने दाबा, कड्यापाशी पोचल्यावर डावी-उजवीकडे पिळा आणि कड टेकेपर्यंत आत न्या. अडली तर पुढून लाकडी दांडीने हलकेच मागे ठोका, काळा भुगा पुसा, परत घाला. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे चेंबरला ओरखडा पडत नाही. आणि पुंगळीचं तोंड जिथे पोचायला हवं नेमकं तिथपर्यंतच ती पोचते. दुकानातलं कुठलंही अवजार या कामात हिच्यापेक्षा सरस नाही. चेंबरसाठी स्टेनलेस स्टीलचे ब्रशही मिळतात, ते चेंबरपुरते चालतात, नळीत मुळीच घालू नका.

शिसं जास्त असेल, चंदेरी पापुद्रे दिसत असतील, तर शुद्ध तांब्याची घासणी कातरून तिचे तार ब्रशवर गुंडाळा. आधी चुंबक लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी घासणी आहे, ती नको.

आता काय करू नये. सँडपेपर, हॉनिंगचा दगड, ड्रिलमध्ये बसवलेली पोलादी तारेची कुंची यांपैकी काहीही चेंबरमध्ये जाता कामा नये. कडं जातं, पण चेंबरही मोठं होतं, आणि तसं झालेलं चेंबर परत लहान करता येत नाही. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात मिसळून शिसं विरघळवायचा नुस्खा फिरत असतो. शिसं खरंच विरघळतं, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं, ते विषारी आहे आणि पाण्यात सहज मिसळतं. पोलादावरचा काळा रासायनिक थर, म्हणजे ब्ल्यूइंगही त्याने उडतं. शिसं पुसायची रसायन लावलेली पिवळी फडकी मिळतात, तीही फक्त स्टेनलेसवर वापरा, ब्ल्यूइंग त्यांनी निघून जातं.

शेवटी कोरडे तुकडे, पांढरे निघेपर्यंत. चेंबरमध्ये तेलाचा थर ठेवू नका. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागच्या चौकटीवर येतो. शिवाय तेल टोपीत झिरपून काडतूस मुकं होऊ शकतं. साठवणीसाठी तेल लावलं असेल तर झाडण्याआधी पुसून काढा. मग परत तीच चाचणी: पुंगळी स्वतःच्या वजनाने आत, उलटं केलं की बाहेर.

पुन्हा पुन्हा का होतं

कडं किती लवकर धरेल हे गोळीवर अवलंबून आहे. मऊ शिशाची, मेणाचं वंगण लावलेली वॉडकटर (सपाट तोंडाची निशाणबाजीची गोळी) सगळ्यात घाण करते. पन्नासांच्या एका डब्यातच पट्टा दिसू लागतो. पॉलिमरचं आवरण दिलेली किंवा पूर्ण जॅकेटची गोळी बरीच स्वच्छ. हलक्या भारात दाब कमी असल्याने पुंगळी चेंबरला नीट चिकटत नाही आणि काजळी तिच्या बाहेरच्या अंगावरूनही मागे येते. तोंडाजवळ काळी पडलेली पुंगळी हे त्याचं लक्षण.

एकाच दिवशी दोन्ही झाडायची असतील तर मॅग्नम आधी, .३८ नंतर. उलट क्रम अटळ असेल तर मध्ये दोन मिनिटं काढून प्रत्येक चेंबरमधून ओला ब्रश फिरवा. ताजं कडं ओलसर असतं, लगेच निघतं. घरी किंवा दुकानी संरक्षणासाठी मॅग्नम भरून ठेवणाऱ्यांनी .३८ च्या सरावानंतर चेंबर साफ केल्याशिवाय मॅग्नम भरू नये. घाईच्या क्षणी दुसरं भरण आत गेलं नाही तर तेव्हा ब्रश शोधता येणार नाही.

अमेरिकेत जिथे काडतुसं स्वतः भरता येतात तिथे मुळावरचा उपाय आहे: .३८ च्या ताकदीचा भार मॅग्नमच्याच पुंगळीत भरायचा. कडं धरायला जागाच उरत नाही. मात्र .३८ चा भार आकडा न बदलता मॅग्नमच्या पुंगळीत टाकू नका. पोकळी मोठी झाल्यामुळे दारू आत कुठे पडली आहे यावर वेग कमी-जास्त होतो. दारूच्या उत्पादकाने मॅग्नमच्या पुंगळीसाठी छापलेला हलका भारच घ्या, आणि छापलेल्या किमान भाराच्या खाली जाऊ नका. जॅकेटच्या गोळीला फार हलका भार दिला तर ती नळीतच अडकते. आवाज फुसका आला, झटका कमी लागला तर तिथेच थांबा, सिलिंडर उघडा, नळीतून उजेड दिसतो का बघा. अडकलेल्या गोळीमागून दुसरा बार गेला तर नळी फुगते किंवा फाटते.

पोकळ बुडाच्या वॉडकटरबद्दल एक इशारा. ती हलक्या वेगासाठीच आहे. तिला मॅग्नमच्या वेगाने पळवली तर पोकळ बुडाचा पातळ घेर तुटून नळीत राहू शकतो.

निशाण बदलतं, तो बिघाड नाही. .३८ ची १५८ ग्रेनची गोळी आणि मॅग्नमची १२५ ग्रेनची गोळी एकाच उंचीवर लागणार नाहीत. जड आणि सावकाश गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी वर उचलली जाते, म्हणून ती सहसा वर लागते. साइट एकाच काडतुसाला जुळवा आणि दुसरं किती वर-खाली जातं ते २५ यार्डांवर कागदावर टिपून ठेवा.

कुठल्या जोड्यांना हे लागू आहे, कुठल्यांना नाही

.४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल: १.२८५ आणि १.१६० इंच, फरक ३.२ मिलिमीटर, कडं तसंच आणि इलाजही तोच. .३२७ फेडरल मॅग्नमच्या चेंबरमध्ये .३२ एच अँड आर मॅग्नम, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि जुनं .३२ एस अँड डब्ल्यू ही तिन्ही चालतात. पुंगळी जितकी तोकडी तितका घाणीचा पट्टा रुंद. अमेरिकेत स्पर्धेसाठी आठ बारांच्या .३५७ रिव्हॉल्व्हरमधून .३८ शॉर्ट कोल्ट झाडणारेही आहेत. त्याची पुंगळी ०.७६५ इंच, म्हणजे पट्टा तब्बल १३ मिलिमीटर. त्यांना दर खेळानंतर चेंबर घासावंच लागतं.

.३८ एस अँड डब्ल्यू हे नावाने जवळचं, पण वेगळं काडतूस आहे. ते जाड आहे आणि या जोडीत येत नाही.

पिस्तुलांमध्ये हा व्यवहार करूच नका. ९ एमएममध्ये .३८० एसीपी किंवा १० एमएममध्ये .४० एस अँड डब्ल्यू घालणं म्हणजे 'तोकडं भावंड' घालणं नव्हे. ही काडतुसं पुंगळीच्या तोंडावर अडतात. तोंड तोकडं पडलं की काडतूस आत घसरतं आणि फक्त एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखावर लटकतं. पुंगळी फुटू शकते, नख तुटू शकतं.

भारतात याच गफलतीचं एक रूप आहे आणि ते महत्त्वाचं आहे. कानपूरला बनणारं परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं आहे, तर त्याच '.३२' नावाने मिळणारं पिस्तूल .३२ एसीपीचं. एसीपीची पुंगळी ०.६८० इंच, लाँगची ०.९२० इंच, व्यास जवळपास सारखा. म्हणून पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये शिरतं. पण त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय आणि लाँगचा १५,०००. म्हणजे इथे तोकडं काडतूस जास्त जोरकस आहे, .३८ आणि .३५७ च्या अगदी उलट. ते घालू नका. विकत घेताना डब्यावर 'रिव्हॉल्व्हर' की 'पिस्तूल' ते वाचून घ्या. आणि चेंबरमध्ये बसतं म्हणून ते परवान्यात बसतं असंही नाही. परवान्यावर जे बोअर आणि काडतूस नोंदवलं आहे तेच बाळगता येतं.

इतकं सगळं करूनही, टॉर्चने चेंबर चकचकीत दिसत असताना, कारखान्यातून आलेलं नवं मॅग्नम अडत असेल, तर चेंबर आणि गळ्याची मापं पिन गेजने (नेमक्या व्यासाच्या मापदांड्यांनी) घ्यायला सांगा. गळा ०.३५७ इंचाहून अरुंद निघाला तर अडतं आहे ते पुंगळीचं तोंड नव्हे, गोळीचं अंग. गळा रीमरने ०.३५८ पर्यंत मोकळा करून मिळतो. चेंबरच तोकडं कापलेलं निघालं तर रिव्हॉल्व्हर कारखान्याकडे परत जायला हवं. आणि स्वच्छ केलेल्या चेंबरमध्ये .३८ च्या तोंडापाशी पोलादावर खड्डे किंवा खाच कायम राहिली असेल, पुंगळ्या तिथे ओरखडून निघत असतील, तर ती घासून जाणार नाही. असा सिलिंडर मॅग्नमसाठी वापरण्याआधी शस्त्रकारागिराला दाखवा.